गाडीच्या दारावरचं गाव

माझ्या नवऱ्याला जपानी भाषा येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शारजातल्या आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांना वाटतं की येते. लिफ्टमध्ये कोणी नूडल्सचं पाकीट घेऊन भेटलं की ते ह्याच्या नाकासमोर धरतात, ‘अंकल, यात पोर्क आहे का बघा ना.’ कॅस्मिर चष्मा वर करतो, पाकीट नीट न्याहाळतो आणि गंभीरपणे सांगतो, ‘हे मला नाही वाचता येत. हे गावाचं नाव नाही.’

त्याला फक्त गावांची नावं वाचता येतात. जपानमधल्या दोन-अडीच हजार गावांची आणि शहरांची. आयुष्यात एकदाही त्या देशात पाऊल न ठेवता ही विद्या त्याने मिळवली ती गाड्यांच्या दारांवरून.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात श्रीवर्धनकडच्या हनीफभाईंचं जुन्या जपानी गाड्यांचं यार्ड आहे. तिथे कॅस्मिर सत्तावीस वर्षं एकच काम करतोय. बोटीतून गाड्या उतरल्या की प्रत्येकीचा चॅसिस नंबर कागदाशी ताडून पाहायचा. स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे त्या इथल्या रस्त्यावर चालत नाहीत. धड असतात त्या आफ्रिकेला जातात, बाकीच्या कापून त्यांचे पार्ट विकले जातात. कोणती गाडी शाळेची असते, कोणती तोफू विकणाऱ्याची, कोणती पंचायतीची. दारावर गावाचं नाव रंगवलेलं असतं. गिऱ्हाईक आलं की बॉनेट उघडतं. कॅस्मिर दार वाचतो.

‘जिने पंधरा वर्षं एका गावाची सेवा केली, तिला निदान तू कुठली गं, एवढं विचारावं की नाही?’ हे त्याचं म्हणणं. विचारून गप्प बसला असता तर माझी तक्रार नव्हती. पण तो दारावरची अक्षरं वहीत उतरवून घ्यायचा. सुरुवातीला काहीच कळत नसताना रांगोळी काढावी तशी रेघेला रेघ जोडून. मग एका जपानी एजंटाने त्याला जुना रस्त्यांचा नकाशा दिला, आणि त्यातल्या नावांशी तो दारं जुळवत बसला. अशा बावीस वह्या. राहायला आमचं वन बेडरूम. मी अल मनखूलच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचं खातं बघते. माझ्याकडे चादरीला भोक पडलं की ती त्याच दिवशी बाद होते. देवाने आमची जोडी कोणत्या तंद्रीत जुळवली कोण जाणे.

दुसरी त्याची खोड म्हणजे पत्ता. आमचं गाव वसईतलं गास. २००९ साली आमच्या गावासकट आजूबाजूची गावं महानगरपालिकेत घातली, तेव्हा आमच्या लोकांनी मोर्चे काढले. कॅस्मिर नेमका रजेवर होता, तोही चालला. नंतर ते प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं. पण ह्याने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. बँक असो, इन्शुरन्स असो, फॉर्मवर लिहिणार ‘मु. गास, ता. वसई’. काउंटरवरची मुलगी काट मारून फॉर्म परत देणार. मग मी दुसरा फॉर्म भरणार, महानगरपालिकेचं नाव घालून. सोळा वर्षं आमचा हा संसार चालू आहे.

तर गेल्या वर्षी, फेब्रुवारीत, यार्डात एक लहानशी लाल गाडी उतरली. आग विझवायची, पण आपल्या डोळ्यांसमोर येते तेवढी अवाढव्य नाही. छोटा टेम्पो, पाठीवर पंप, होज गुंडाळलेला आणि पुढे पितळी घंटा. छत्तीस वर्षांची गाडी आणि चालली होती फक्त नऊ हजार किलोमीटर. दारावर एका शहराचं नाव स्टिकरने चिकटवलेलं होतं. शारजाच्या उन्हात तो स्टिकर चार दिवसांत सुटला आणि खाली सोनेरी रंगातली जुनी अक्षरं दिसली. कॅस्मिरने ती वाचली. मिनेकुरा-चो, शोबोदान. चो म्हणजे गाव, बाजारपेठ असलेलं. शोबोदान म्हणजे गावातल्याच लोकांनी मिळून चालवलेलं अग्निशमन पथक.

घरी येऊन त्याने शेरॉनला, आमच्या मुलीला, नकाशात मिनेकुरा शोधायला सांगितलं. ती सिलिकॉन ओएसिसमध्ये सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आहे. दोन मिनिटांत तिने फोनवरून मान वर केली.

‘डॅड, इट डझन्ट एक्झिस्ट. टू थाउजंड फाइव्हमध्ये मर्ज झालं. आता सिटी आहे.’

‘मर्ज झालं म्हणजे गेलं कुठे? तिथली माणसं गेली का उठून?’

‘डॅड, आय ओन्ली सर्च्ड इट. आय डिडन्ट डू इट.’

तो चिडला होता. माझा नवरा वर्षातून एखाद्या वेळेस चिडतो, आणि तेही जेवण झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटखाली त्याला एक पत्र्याची पेटी सापडली. पेटीत मेणकापडात गुंडाळलेली जाड वही होती, हाताने लिहिलेली. त्या पथकाची रोजनिशी. यार्डाचा नियम असा की गाडीत जे सापडेल ते गाडीबरोबरच जाईल. पूर्वी एकदा सीटखालच्या घड्याळावरून दोन कामगारांची डोकी फुटली होती, तेव्हापासूनचा नियम. कॅस्मिरने वहीला हात लावायच्या आधी हनीफभाईंना दाखवली. ते म्हणाले, ‘घरी नेऊन बघा, पण गाडी विकली की वही परत पेटीत. रूल म्हणजे रूल.’

मग तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर मिनेकुरा नांदलं. कॅस्मिर पानावर फोन धरायचा, फोन भाषांतर करायचा, त्यातलं निम्मं बाष्कळ निघायचं, मग शेरॉन दुसऱ्या ॲपवर ताडून पाहायची. मी सुरुवातीला भांडी जोरात आपटून निषेध नोंदवला. नंतर मीच विचारायला लागले, ‘आज काय झालं तिकडे?’

आग विझवणाऱ्यांच्या वहीत गावाचा सगळा इतिहास असेल असं मला कधी वाटलं नसतं. पण आग लागत होती कितीशी? वर्षातून दोनदा. बाकीचे दिवस हे लोक गावावर नजर ठेवून होते आणि जे दिसलं ते लिहीत होते. पहिली नोंद १९८८ ची, नवी गाडी आली त्या दिवशीची. गावात माणसं सहा हजार दोनशे चौदा. मग रेशमाचा धंदा बसला. शेतकऱ्यांनी तुतीची झाडं मुळासकट उपटून पेटवली, तेव्हा पथक तीन दिवस पंप घेऊन बाजूला उभं होतं. मग रेल्वे बंद झाली. शेवटच्या गाडीला गावच्या गाव स्टेशनात लोटलं, म्हणून बंदोबस्ताला हेच. नोंद अशी: ‘आग नाही. गर्दी सांभाळली. स्टेशनमास्तर रडले.’ एका पुरात त्यांनी दोर लावून त्रेचाळीस माणसं आणि एक गाय काढली. गायीचं नाव लिहिलंय, ते हानाको. माणसांची नुसती संख्या.

सगळ्यात जीव तुटला तो शाळेच्या नोंदीने. दर वर्षी हे लोक शाळेत कवायत घ्यायचे आणि मुलं मोजायचे. कॅस्मिरने ते आकडे एका कागदावर ओळीने लिहिले. दोनशे बारा. एकशे साठ. सत्त्याण्णव. अडतीस. अकरा. माझ्या माहेरच्या मराठी शाळेची आठवण होऊन मी ताटावरून उठले.

शेवटी २००४ साल. शहरात सामील व्हायचं की नाही, यावर गावात मतदान. एकसष्ट मतांनी ‘हो’ जिंकलं. त्या दिवसाची नोंद दोनच शब्दांची. ‘आग नाही.’ आणि शेवटच्या लिहिलेल्या पानावर एकतीस जणांची नावं, प्रत्येकापुढे लाल शिक्का, आणि खाली कॅप्टनने लिहिलेलं: ‘उद्यापासून दारावर दुसरं नाव असेल. ही वही गाडीतच ठेवा.’

पुढची पानं कोरी होती.

आणि मग एका शनिवारी गाडी विकली गेली. सुरेश नावाचा पार्टवाला, त्याला नुसता पंप हवा होता. साडेचार हजार दिरहम, म्हणजे आपले लाखाच्या वर, हे हनीफभाईंनी फोनवर मोठ्याने हिशेब करून सांगितलं. गुरुवारी सकाळी सुरेश गॅस कटर घेऊन येणार होता.

‘वही मला द्या,’ कॅस्मिर म्हणाला. ‘मी पोचवतो त्यांना.’

‘कोणाला वो पोचवता? गावच नाय राहिला तर!’ हनीफभाई म्हणाले. ‘तुम्हाला दिली तर उद्या दुसरा म्हणंल मला घड्याळ द्या. एक काम करा. गुरुवारपर्यंत त्या गावचा माणूस आणा, तोवर वही ठेवा तुमच्याकडे. तो बोलला आमची आहे, तर गाडीपण थांबवतो, वहीपण देतो. नाहीतर खलास.’

घरी येऊन कॅस्मिरने ज्या शहरात ते गाव गेलं होतं तिथल्या पालिकेला ईमेल टाकली. लगेच मशीनचं उत्तर आलं. दहा कामकाजाच्या दिवसांत कळवू. आमच्याकडे चार होते.

सत्तावीस वर्षांत त्याने यार्डातला एक स्क्रू घरी आणला नाही. वही दडवून ठेव, असं मी हळूच सुचवलंसुद्धा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी कानाला खडा लावला. रात्रीच्या जेवणाला तो नुसता भात चिवडत बसला आणि एकदम ताठ झाला.

‘सुझी! मिनेकुराची एक गाडी आधी येऊन गेलीय. सोया सॉस बनवणाऱ्यांची व्हॅन. मागच्या दारावर फोन नंबर होता. २०११. नऊ नंबरची वही!’

तो पलंगाखाली शिरला. आठ नंबर निघाली. दहा नंबर निघाली. मी ओट्याजवळ उभी होते.

आता माझा गुन्हा सांगते. २०१३ साली आम्ही गासला कार्गो पाठवला होता. इथली सगळी माणसं पाठवतात तसाच, खोक्यात टँग, साबण, ब्लँकेट, आणि सासूबाईंसाठी छत्तीस नगांचा डिनर सेट. कप गुंडाळायला कागद कमी पडला. वर्तमानपत्र आम्ही घेत नाही. पलंगाखाली वह्यांचा ढीग होता, आणि वरचीच मी ओढली.

‘कॅस्मिर,’ मी म्हणाले, ‘नऊ नंबर फाडून मी कप बांधले.’

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला आणि म्हणाला, ‘असू दे. तुला काय माहीत.’ त्या ‘असू दे’ने मला जेवढं लागलं तेवढं लग्नाच्या तीस वर्षांत काही लागलं नव्हतं.

रविवारी सकाळी चर्चमधून आल्या आल्या मी गासला व्हिडिओ कॉल लावला. बारा वर्षांपूर्वीचा कागद कोण ठेवतंय, हे मलाही कळत होतं. पण अडला हरी. कॅस्मिरचा धाकटा भाऊ रॉयडन फोनवर आला.

‘वहिनी, तो सेट? तो अजून खोक्यातच आहे. आई हात लावू देते काय?’

क्षणभर मला कळेना, मी काय ऐकलं. मग मी टेबलावर हात आपटला. गल्फमधून आलेलं चांगलं भांडं पाहुण्यांसाठी राखून ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. पाहुणे येतात, जातात, स्टीलच्या पेल्यात चहा पितात, आणि काचेचं भांडं आणखी मोठ्या पाहुण्यांची वाट बघत बसतं. या रीतीवरून मी सासूबाईंशी किती वेळा वाद घातला असेल! त्या दिवशी त्यांचे पाय धरायला मी तयार होते.

सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. कपाटाची किल्ली गळ्यातल्या क्रुसाबरोबर. फोनकडे बघून म्हणाल्या, ‘तो सेट शेरॉनच्या लग्नात काढायचा हाय.’

‘आई, कप नको. कागद पाहिजे, नुसता कागद,’ कॅस्मिर म्हणाला.

‘कागदाला खोका कशाला उघडायचा? रॉयडन, दुकानातून आण जा.’

शेवटी शेरॉन पुढे झाली. सगळा जन्म आम्हाला इंग्रजीत उत्तरं देणारी माझी मुलगी. म्हणाली, ‘आजी, काढ ना गं. माझ्या लग्नात मी तुला नवीन सेट देईन.’ सासूबाईंनी किल्ली काढली.

एकेक नग बाहेर यायला लागला. कप, बशी, कप, बशी. रॉयडन कागद उलगडून फोनसमोर धरायचा आणि कॅस्मिर वाचायचा, नागानो बाजूची, नाही, ही दुसरी, ही शाळेची बस, नाही. सूपचा मोठा बोल निघाला, काही नाही. मग साखरदाणी आली. तिच्या झाकणात कोंबलेला कागद रॉयडनने हाताने सपाट केला, आणि कॅस्मिर उभाच राहिला.

‘हलवू नकोस! रॉयडन, हलवू नकोस तो!’

मिनेकुरा-चो. खाली दहा आकडी नंबर, कॅस्मिरच्याच अक्षरातला.

आमच्याकडे सकाळचे अकरा, जपानात दुपारचे चार. फोन पाच-सहा वेळा वाजला आणि एका म्हाताऱ्या बाईने उचलला. शेरॉनने दुसऱ्या फोनवरचा ट्रान्सलेटर पुढे केला. मशीनचा आवाज ऐकताच बाई संशयाने काहीतरी तुटक बोलल्या. फोन ठेवणार, हे भाषा न येता कळलं. फसवाफसवीचे फोन काय आम्हाला येत नाहीत?

तेव्हा कॅस्मिरने मशीन बाजूला सारलं, आणि त्याला येत होती तेवढी सगळी जपानी भाषा तो बोलला. ‘मिनेकुरा-चो. शोबोदान.’

बाईंनी फोन ठेवला नाही.

त्याने वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि एकतीस नावं वाचायला सुरुवात केली. जपानी आडनावं निम्मी गावांच्याच नावांची असतात, तेवढी त्याला वाचता येत होती, बाकीची तीन आठवड्यांत फोनवर ऐकून पाठ झाली होती. ‘सुगितानी.’ पलीकडून हळूच, ‘हाइ,’ म्हणजे हो. ‘ओकानो.’ ‘हाइ.’ एका नावाचा उच्चार चुकला, तो बाईंनी शाळेच्या मास्तरणीसारखा दुरुस्त केला. ह्याने पुन्हा म्हटला. शाळेत हजेरी घ्यावी तसं चाललं होतं, एकतीस माणसांच्या वतीने एक बाई ‘हाइ’ म्हणत होती. सतराव्या नावाला, किताझावा म्हटल्यावर, ‘हाइ’ आलं नाही. बाई रडत होत्या. किताझावा त्यांचे यजमान. वारून नऊ वर्षं झाली होती, हे आम्हाला नंतर कळलं. कॅस्मिर थांबला, त्या सावरेपर्यंत वाट पाहिली, आणि अठरावं नाव वाचलं.

मग त्यांनी कोणालातरी हाक मारली. नात आली, तिला इंग्रजी येत होतं. पुढचं शेरॉन आणि ती बोलत राहिल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

मंगळवारी संध्याकाळी हनीफभाईंच्या फोनवर ईमेल आली. गाव राहिलं नाही म्हणणाऱ्या त्या माणसाला मिनेकुराच्या चौदा माणसांनी सह्या-शिक्के करून कळवलं होतं की गाडी आमची, वही आमची, आम्ही न्यायला येतो. हनीफभाईंनी ती दोनदा वाचली आणि सुरेशला फोन लावला, ‘हबीबी, तुला दुसरा पंप देतो, ह्याच्यापेक्षा मोठा. यल्ला, वाद नको.’

तीन आठवड्यांनी ते आले. शेवटचे कॅप्टन सुगितानी, वय एकोणऐंशी, शारजाच्या उन्हात पथकाचा जाड निळा डगला घालून. बरोबर किताझावाबाईंची नात. कंटेनर ठरला होता, गाडी आली त्याच वाटेने परत जाणार होती. बंद पडलेल्या शाळेच्या पटांगणात तिच्यासाठी त्यांनी शेड बांधायला घेतली होती. आदल्या दिवशी कॅस्मिरने उरलेला स्टिकर नखाने खरवडून काढला होता आणि सोनेरी अक्षरं ओल्या फडक्याने पुसली होती. यार्डातले सगळे कामगार, सुरेशसुद्धा, गोळा झाले होते. मी हॉटेलातून हाफ डे घेतला होता.

म्हातारा गाडीत चढला. किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली आणि यार्डात जो ओरडा झाला! त्याने सायरन लावला. हनीफभाई घाबरून धावले, ‘अरे पोलीस येतील!’ आणि मग स्वतःच बाजूच्या पायरीवर चढले, ‘जाऊ दे, एक राऊंड! इन्शाल्ला काही होत नाही!’ कापलेल्या गाड्यांच्या ढिगांमधून ती लाल गाडी घंटा वाजवत तीन राऊंड फिरली. कॅस्मिर पुढच्या सीटवर होता. तीस वर्षांत त्याचं तोंड एवढं मोठं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझा नवरा! ज्याच्या वह्यांवर मी सत्तावीस वर्षं करवादले तोच हा, असं मला तिथे उभ्या-उभ्या जगाला ओरडून सांगावंसं वाटलं.

खाली उतरल्यावर कॅप्टनने बॉनेटवर वही उघडली. वीस वर्षं कोरं राहिलेलं पान काढलं, तारीख घातली आणि उभी ओळ लिहिली. नातीने सांगितलं, ‘शारजा. आग नाही.’ खाली स्वतःचं नाव लिहून शिक्का उठवला आणि पेन कॅस्मिरपुढे धरलं. बत्तिसावं नाव.

कॅस्मिरने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून सावकाश, मराठीत लिहिलं. ‘कॅस्मिर पास्कू रुमाव. मु. गास, ता. वसई.’

म्हाताऱ्याने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. हे काय लिहिलंय, असं नात म्हणाली.

‘माझं गाव,’ कॅस्मिर म्हणाला.

नातीने ते म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने शिक्क्याची डबी उघडली, आणि काट न मारता, गास या नावाशेजारी आपला लाल शिक्का उठवला.